एसएसडीवाला लॅपटॉप डॉक: निवडायचा कसा, जोडायचा कसा आणि वीज गेली तर काय

आत वेगवान एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी डिस्क, असलेला डॉक (लॅपटॉपला एका वायरीने सगळं जोडून देणारा डबा) ही कल्पना कुणालाही आवडेल अशीच आहे. टेबलावर एक टाइप-सी वायर. ती लॅपटॉपला लावली की मॉनिटर, कीबोर्ड, लॅन, चार्जिंग आणि वर एक-दोन टीबीची डिस्क, सगळं एकदम सुरू. पण सगळं एका वायरीतून जात असल्यामुळे ती वायर क्षणभर जरी सुटली तरी सगळंच सुटतं. मॉनिटर दोन सेकंदांत परत येतो. लिहिता लिहिता तुटलेली फाइल मात्र परत येईलच असं नाही. म्हणून हा डॉक पोर्ट मोजून घेऊ नये. आधी डिस्क म्हणून तो किती भरवशाचा आहे ते बघावं, एचडीएमआय आणि कार्ड रीडर नंतर.

हा डॉक कुणाला उपयोगी? लॅपटॉपमध्ये २५६ किंवा ५१२ जीबीच आहे, ती वाढवता येत नाही, आणि काम बहुतेक एकाच टेबलावर चालतं, त्यांना. लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारे, घरून काम करणारे डिझायनर, मोठ्या ड्रॉइंग फाइल्स हाताळणारे आर्किटेक्ट. रोज साइटवर फिरणाऱ्याने मात्र साधी खिशातली एसएसडी घ्यावी. नुसता डेटा न्यायला आख्खा डॉक बरोबर वागवायची गरज नाही.

आधी लॅपटॉपचं पोर्ट ओळखा

टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार झाला. त्याच्या मागे काय जोडलंय ते कंपनीगणिक, कधीकधी एकाच लॅपटॉपच्या दोन पोर्टांतही वेगळं असतं. स्वस्त लॅपटॉपच्या बऱ्याच टाइप-सी पोर्टमधून फक्त डेटा जातो. तिथे डॉक लावला तर डिस्क दिसेल, पण मॉनिटर काळा राहील आणि चार्जिंगही होणार नाही.

पोर्टशेजारची खूण बघा. विजेच्या बाणाची खूण असेल तर थंडरबोल्ट, म्हणजे टाइप-सीच्याच तोंडाचा जास्त वेगवान प्रकार. इंग्रजी डी आणि पी एकत्र गुंफलेलं चिन्ह असेल तर डिस्प्ले बाहेर जातो. बॅटरीचं किंवा प्लगचं चिन्ह असेल तर तिथून चार्जिंग घेता येतं. खूण नसेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या साइटवरचं तपशीलपत्रक उघडा. दुकानदाराच्या 'सगळं चालतं साहेब'वर जाऊ नका. त्याच्या दृष्टीने वायर आत गेली म्हणजे चाललं.

वेगाच्या पायऱ्या लक्षात ठेवायला फार नाहीत. यूएसबी ३.२ जेन १ म्हणजे ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट), जेन २ म्हणजे १०, जेन २ बाय २ म्हणजे २०. यूएसबी४ (पहिली आवृत्ती), थंडरबोल्ट ३ आणि थंडरबोल्ट ४ हे ४० पर्यंत जातात, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेलं थंडरबोल्ट ५ हे ८० पर्यंत. डिस्कच्या भाषेत सांगायचं तर ५ वर साधारण ४५० एमबी प्रति सेकंद मिळतात, १० वर हजाराच्या आसपास, २० वर दोन हजारांपर्यंत, आणि ४० वर चांगली चिप असेल तर तीन हजारांच्या पुढे. २० जीबीपीएसच्या जेन २ बाय २ मध्ये एक गोम आहे: एम१, एम२, एम३ चिपच्या मॅकबुकवर ते चालत नाही, गुपचूप १० वर उतरतं. मॅकवाल्यांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

एका वायरीत चारच जोड्या

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. टाइप-सी वायरीत वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या असतात, आणि जुन्या यूएसबी २.० साठी एक वेगळी जोडी. साध्या, म्हणजे थंडरबोल्ट किंवा यूएसबी४ नसलेल्या डॉकमध्ये या चार जोड्यांची वाटणी करावी लागते. दोन जोड्या मॉनिटरला आणि दोन डेटाला, नाहीतर चारही मॉनिटरला.

६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, ४के चित्र पाठवायला साधारण साडेबारा जीबीपीएस लागतात. लॅपटॉपची चित्र पाठवायची पद्धत, म्हणजे डिस्प्लेपोर्ट, १.२ आवृत्तीची असेल तर दोन जोड्यांतून साडेआठच्या आसपासच जातं, म्हणजे ४के मिळेल पण ३० हर्ट्झवर. माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो, डोळे दुखतात. मग काही डॉक चारही जोड्या मॉनिटरला देऊन टाकतात. चित्र झकास, पण एसएसडी यूएसबी २.० वर येऊन बसते. १०० जीबीचं शूटिंग हजाराच्या वेगाने शंभर-सव्वाशे सेकंदांत उतरलं असतं, त्याला आता ४० एमबी प्रति सेकंदाने चाळीस मिनिटं लागतात. खोक्यावर '४के ६० हर्ट्झ' लिहिलेलं असतं, 'सुपरफास्ट एसएसडी' लिहिलेलं असतं, आणि दोन्ही खरंच असतं. एकाच वेळी खरं नसतं, इतकंच.

लॅपटॉपचं डिस्प्लेपोर्ट १.४ असेल आणि डॉकही ते जाणत असेल, तर दोन जोड्यांतून जवळजवळ १३ जीबीपीएस जातात. ४के ६० हर्ट्झ आणि १० जीबीपीएस डेटा दोन्ही एकदम मिळतं. म्हणून विकत घेण्याआधी हा एकच प्रश्न विचारा: मॉनिटर ४के ६० वर चालू असताना एसएसडी किती जीबीपीएसवर चालते? उत्तर तपशीलपत्रकात नसेल तर ग्राहकांच्या प्रतिक्रियांत शोधा. तिथेही नसेल तर दुसरा डॉक बघा.

थंडरबोल्ट आणि यूएसबी४ मध्ये अशी फाळणी नसते. ४० जीबीपीएसचा एकच रस्ता असतो आणि ज्याला जसं लागेल तसं वाटून दिलं जातं. पण तिथेही डॉकच्या आतला स्लॉट कसा जोडलाय ते बघा. काही महागड्या थंडरबोल्ट डॉकमध्ये एसएसडीच्या स्लॉटला पीसीआयई ३.० (कॉम्प्युटरच्या आत एसएसडी जोडायचा वेगवान मार्ग) ची एकच लेन दिलेली असते. म्हणजे हजाराच्या आतच वेग, बाहेर ४० लिहिलेलं असो की ८०. आणि थंडरबोल्ट डॉक साध्या टाइप-सी लॅपटॉपला लावला तर काही जुने मॉडेल अजिबात चालत नाहीत. काही चालतात, पण पीसीआयईवर बसवलेली एसएसडी दिसतच नाही. घरात दोन लॅपटॉप असतील तर दोन्हींची पोर्टं तपासून मगच घ्या.

मॅकवर दोन मॉनिटर हवे असतील तर आणखी एक पेच. मॅकओएस एमएसटी (एकाच जोडणीतून अनेक मॉनिटर चालवायच्या) पद्धतीने दोन वेगळे पडदे देत नाही, दोन्हींवर एकच चित्र येतं. साधा एम१ किंवा एम२ मॅकबुक मुळात एकच बाहेरचा मॉनिटर चालवतो. त्यावर उपाय म्हणून डिस्प्लेलिंकवाले डॉक मिळतात. ते ड्रायव्हर टाकून चित्र यूएसबी डेटातून पाठवतात. ऑफिसच्या कामाला ठीक, पण तोच डेटा एसएसडीही वापरत असते हे विसरू नका.

डिस्क आत चिकटवलेली की स्लॉटमधली

माझं मत स्पष्ट आहे: स्लॉटवाला घ्या. एसएसडी आत सोल्डर केलेली असेल तर डॉकची पॉवर चिप जळली की डेटाही गेला असं समजा. स्लॉटवाल्या डॉकमधली एम.२ (छोट्या पट्टीच्या आकाराची) एसएसडी काढून दुसऱ्या केसमध्ये घातली की बहुतेक वेळा पाच मिनिटांत सगळं परत दिसतं. 'बहुतेक' म्हणायचं कारण असं की डॉकची चिप स्वतःच डेटा लॉक करत असेल तर तो दुसरीकडे उघडत नाही. खोक्यावर हार्डवेअर एन्क्रिप्शनचा गाजावाजा असेल तर दोनदा विचार करा. गेमर लोकांसाठी २०१९-२० च्या सुमारास थंडरबोल्ट ३ चे दोन डॉक आले होते. सीगेटच्या फायरकुडा गेमिंग डॉकमध्ये ४ टीबीची हार्ड डिस्क आणि जोडीला मोकळा एम.२ स्लॉट होता. डब्ल्यूडी ब्लॅक डी५० एसएसडीसह किंवा एसएसडीशिवाय मिळायचा. मोकळा स्लॉट दिलेला पाहिला की बनवणाऱ्याने पुढच्या चार वर्षांचा विचार केलाय असं मी धरतो.

स्लॉटमध्ये काय बसतं ते वाचा. एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी, वेगवान) आणि साटा (जुनी, हळू) दोन्ही एम.२ आकारात येतात आणि एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. रिअलटेकच्या आरटीएल९२१०बी सारख्या चिप दोन्ही ओळखतात, जेमायक्रॉनची जेएमएस५८३ फक्त एनव्हीएमई. लांबीही बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. लहान डॉकमध्ये फक्त २२३० किंवा २२४२ बसते, आणि त्या लांबीत निवड कमी, किंमत जास्त.

एसएसडी निवडताना खोक्यावरचा ७००० एमबीचा आकडा सोडून द्या. १० जीबीपीएसच्या डॉकमधून हजारच बाहेर येणार. पैसे तिथे वाया घालवण्यापेक्षा टीएलसी प्रकारची (चिपच्या एका कप्प्यात तीन बिट ठेवणारी) घ्या. क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट) स्वस्त असते, पण तिचा वेगवान कॅशे, म्हणजे लिहिताना आधी वापरली जाणारी जागा, भरला की वेग हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. तीनशे जीबी सलग उतरवणाऱ्याला ते लगेच जाणवतं. डीरॅम (स्वतःची वेगवान कामाची मेमरी) नसलेल्या एसएसडी लॅपटॉपच्या आत बसवल्या की त्याची थोडी मेमरी उसनी घेऊन काम भागवतात. यूएसबी चिपच्या पलीकडे ही उसनवारी चालत नाही. म्हणून जिच्यावर छोट्या छोट्या हजारो फाइल्स ठेवायच्यात ती शक्यतो डीरॅमवाली घ्यावी.

वॉटचा हिशोब

डॉक दोन प्रकारचे. एकाचा स्वतःचा अडॅप्टर असतो. दुसऱ्याला तुमचाच चार्जर लावायचा, तो त्यातून थोडी वीज स्वतःला ठेवतो आणि उरलेली लॅपटॉपला देतो. ही 'ठेवलेली' वीज साधारण १० ते १५ वॉट असते. ६५ वॉटचा चार्जर लावलात तर लॅपटॉपला पन्नासच्या आसपासच पोचतील, आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना चार्जर लावूनही बॅटरी उतरत जाईल. १०० वॉटचा चार्जर घेतला की हा प्रश्न मिटतो. ६० वॉटच्या वर जायचं तर वायरही ५ अँपिअरची, आत ई-मार्कर (वायरीची क्षमता सांगणारी) चिप असलेली लागते. ड्रॉवरमधली फोनची वायर इथे चालत नाही. गेमिंग लॅपटॉपला दोनशे वॉट लागत असतील तर त्याचा मूळ चार्जर वेगळा लावाच.

चार्जरशिवाय, नुसत्या लॅपटॉपच्या विजेवर असा डॉक चालवणं मला धोक्याचं वाटतं. एनव्हीएमई एसएसडी जोरात लिहिताना पाच-सात वॉट सहज खाते. त्यात एचडीएमआय आणि लॅन चालू असेल तर काही लॅपटॉपच्या पोर्टला ते झेपत नाही आणि डिस्क मधेच गायब होते.

एसएसडी बसवणं

लॅपटॉपपासून आणि चार्जरपासून डॉक सोडवा. झाकण काढा. एसएसडीच्या कडा धरून, सोनेरी दातांना हात न लावता, तिरकी स्लॉटमध्ये सरकवा. खाच जुळली की ती अडखळत नाही. अडत असेल तर जोर लावू नका, प्रकार चुकला असेल. आत गेल्यावर ती तिरकीच उभी राहते, खाली दाबून दुसऱ्या टोकाचा स्क्रू किंवा रबरी खुंटी लावायची. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, पांढऱ्या कागदावर काम करा म्हणजे पडला तर दिसेल.

मग थर्मल पॅड. त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पारदर्शक प्लास्टिक असतं, ते दोन्हीकडून काढायचं. एका बाजूचं तसंच ठेवून झाकण बंद केलेले डॉक दुरुस्तीला येतात आणि तक्रार असते की 'वेग मधेच पडतो'. एसएसडी सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापली की स्वतःच वेग कमी करते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीचंच तापमान चाळिशीला टेकलेलं असतं, तिथे पॅड नीट बसणं आणि डॉक कागदांच्या गठ्ठ्याखाली नसणं याला फार अर्थ आहे. धातूचा डॉक हाताला गरम लागला तर घाबरू नका. उष्णता बाहेर पडतेय याचंच ते लक्षण.

फॉरमॅट

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत. फक्त विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस. फक्त मॅक असेल तर एपीएफएस. दोन्हीकडे न्यायची असेल तरच एक्सफॅट. कारण एनटीएफएस आणि एपीएफएस अचानक वीज तुटली तर स्वतःचा पसारा बऱ्यापैकी सावरून घेतात, एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. मॅक एनटीएफएस डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, हेही लक्षात असू द्या.

नवी एसएसडी विंडोजमध्ये आपोआप दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा, जीपीटी (डिस्कच्या विभागांची नोंद ठेवायची पद्धत) निवडा, व्हॉल्यूम बनवा. ड्राइव्हला ठरावीक अक्षर द्या, डब्ल्यू किंवा एक्स असं शेवटाकडचं. नाहीतर एखादा पेनड्राइव्ह आधी लागला की अक्षर बदलतं आणि प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या क्लिप 'सापडत नाहीत' म्हणून लाल होतात. क्लायंटचा डेटा असेल तर विंडोजचं बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी सोय) किंवा मॅकचं एन्क्रिप्टेड एपीएफएस आत्ताच लावा. डिस्क भरल्यावर ते काम फार वेळ खातं.

परतीची मुदत संपण्याआधीच्या चाचण्या

एसएसडी रिकामी असतानाच हे करायचं. आधी वेग: विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क, मॅकवर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट. एकदा मॉनिटर न लावता, एकदा ४के ६० वर लावून. दुसऱ्या वेळी आकडा चाळीसच्या घरात आला तर चार जोड्यांचा तोच किस्सा. डॉक एसएसडीसकट आला असेल आणि नाव अनोळखी असेल तर एच२टेस्टडब्ल्यू चालवून ती खरंच सांगितल्याएवढी आहे का ते पूर्ण भरून बघा. वेळ लागतो, पण एक टीबी म्हणून १२८ जीबी विकणारे बाजारात आहेत.

आता खरी परीक्षा. वीस-तीस जीबीची फाइल कॉपी करायला लावा आणि ती चालू असताना भिंतीवरचं बटण बंद करा. आपल्याकडे वीज अशीच जाते, सांगून जात नाही. काय होतं ते बघा. कॉपी चालूच राहिली तर डॉक उत्तम. 'डिव्हाइस सापडत नाही' असं आलं आणि दोन सेकंदांनी डिस्क परत दिसली, तर चार्जर गेल्यावर विजेची दिशा बदलताना डॉक रीसेट होतोय. स्वतःचा अडॅप्टर असलेले डॉक तर वीज गेली की सरळ बंद पडतात. लॅपटॉप बॅटरीवर सुरू राहतो आणि डिस्क त्याच्या हातून निसटते. मग बटण परत सुरू करूनही बघा. काही डॉक वीज जाताना नाही, येताना अडखळतात.

इथे नापास झालेला डॉक अगदीच टाकाऊ नाही. त्याला यूपीएस किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या. घरच्या बऱ्याच इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं, ते त्या बाजूला ठेवा, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो. लोडशेडिंग असलेल्या गावात यूपीएस नसेल तर मात्र मी असा डॉक घेणार नाही. साधी एसएसडी थेट लॅपटॉपला लावेन, तिला विजेची पर्वा नसते.

रोजचा वापर

वायर काढण्याआधी इजेक्ट, म्हणजे स्क्रीनवरूनच डिस्क सोडवणं. विंडोजमध्ये आता 'क्विक रिमूव्हल' हे मूळ सेटिंग असतं, त्यामुळे इजेक्ट न करताही बहुतेकदा निभावतं. 'बेटर परफॉर्मन्स' निवडलं असेल तर मात्र इजेक्ट सोडायचा नाही. मॅकवर तर कायमच करायचा. उठताना सवयीने वायर ओढणारे सहकारी असतील तर डॉक टेबलाच्या मागच्या बाजूला लावा.

डॉकमधली डिस्क ही चालू कामाची जागा आहे, बॅकअप नव्हे. एकच प्रत डॉकमध्ये आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून मोकळं, असं करणाऱ्या फोटोग्राफरची झोप कधीतरी उडणारच. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर किंवा क्लाउडवर. लाइटरूम या फोटो सॉफ्टवेअरची कॅटलॉग (फोटोंची यादी आणि बदलांची नोंद) लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर आणि फोटो डॉकवर, अशी विभागणी केली तर वायर निसटल्यावरचं नुकसान पुष्कळ कमी होतं.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर डिस्क गायब होत असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून बघा. ॲपल सिलिकॉनच्या (एम१ आणि पुढच्या चिपच्या) मॅकबुकवर पहिल्यांदा जोडताना 'ॲक्सेसरीला परवानगी द्या' असा प्रश्न येतो. घाईत नको म्हटलं तर चार्जिंग होतं आणि डिस्क दिसत नाही, मग डॉक खराब म्हणून दुकानात फेऱ्या होतात.

डॉक लावल्यापासून वायरलेस माउस अडखळत असेल तर दोष माउसचा नाही. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो, आणि माउसचा रिसीव्हर त्याच लहरींवर बोलतो. छोट्या एक्स्टेन्शन वायरीने रिसीव्हर डॉकपासून हातभर लांब आणा.

कंपनीचा लॅपटॉप असेल तर खरेदीआधी आयटी विभागाला विचारा. हिंजवडीपासून बंगळुरूपर्यंत पुष्कळ कंपन्यांत यूएसबी स्टोरेज धोरणानेच बंद असतं. तिथे मॉनिटर आणि लॅन चालेल, पण ज्या एसएसडीसाठी जास्तीचे पैसे दिले ती दिसणार नाही. उलट काही ठिकाणी अशी डिस्क लावली म्हणून सूचना थेट सुरक्षा विभागाकडे जाते.

बिलावर डॉकचा आणि एसएसडीचा अनुक्रमांक वेगवेगळा लिहून घ्या, कारण दोन्हींची वॉरंटी वेगळी असू शकते. डॉक दुरुस्तीला द्यायचा झाला तर एसएसडी काढून घरी ठेवा आणि रिकामा डॉकच काउंटरवर द्या. स्वीकारणाऱ्याने 'डिस्कसकट लागेल' म्हटलं तर कारण लेखी मागा.